नावं चालू आहेत, जरा गप्प बसा!

दोस्तांनो, सिनेमाला उशिरा पोचण्यात आमच्या घराचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. बाबा कुलूप तीन-तीनदा ओढून बघायचे, आईला अर्ध्या वाटेत आठवायचं की दूध झाकायचं राहिलं, आणि धाकटीला नेमकी तेव्हाच तहान लागायची. मग सगळे पळत सुटायचे. त्यावर आजीचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "अरे, धावता कशाला? आत्ता कुठे नुसती नावं चालू असतील!"

नुसती नावं! तुमच्याही घरी असंच म्हणतात ना? नावं चालू असताना आपण काय करतो? खुर्ची शोधतो, पॉपकॉर्नचा पुडा फोडतो, शेजारच्याला सरकायला सांगतो. नावं संपली की मग "चला, आता सुरू झाला" असं म्हणून नीट सावरून बसतो.

मीही तसंच करायचो. पण पाचवीत असताना एक गोष्ट घडली.

आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. ट्रकमधून मशीन यायचं, मैदानात तंबू ठोकला जायचा आणि आपापलं पोतं नाहीतर सतरंजी घेऊन लोक जमिनीवरच बसायचे. त्या वर्षी आमची अख्खी आळी एका हिंदी सिनेमाला गेली. कारण आळीतल्या एका सुतारकाकांचा मुलगा मुंबईला स्टुडिओत कामाला होता. तिथे तो सेट उभारायचा आणि रंगवायचा. 'या सिनेमात माझं नाव आलंय,' असं त्यानं पत्रातून कळवलं होतं.

काकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, "तू शाळेत इंग्रजी शिकतोस ना? नाव आलं की मला सांग बरं का." मी ऐटीत मान डोलावली. खरं तर आमचं इंग्रजी त्याच जूनमध्ये सुरू झालं होतं आणि गाडी अजून लहान एबीसीडीपर्यंतच पोचली होती.

दिवे गेले. नावं सुरू झाली. तंबूत नुसता गोंगाट! कुणी शेंगदाणे मागतंय, कुणी पोराला हाका मारतंय. काका अधूनमधून म्हणत होते, "अहो, नावं चालू आहेत, जरा गप्प बसा!" कुणी ऐकेना. आणि मग ती पाटी आली. एकाखाली एक अशी दहा-पंधरा बारीक नावं. मी वरून एकेक अक्षर लावत निघालो. दुसऱ्या नावापर्यंत पोचतो न पोचतो तोच पाटी गेली!

काकांनी विचारलं, "आलं का रे?"

मी म्हणालो, "आलं, काका. आत्ताच येऊन गेलं."

त्यांनी पडद्याकडे बघून हात जोडले.

मी खोटं बोललो होतो. ते असं काही बोचलं की त्या दिवसापासून सिनेमातली नावं मी कधी चुकवली नाहीत. नावं बघता बघता पुढे माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या मागे आणखीही काहीतरी चाललेलं असतं. सिनेमा तेवढ्यात आपल्या कानात कुजबुजत असतो, 'मी कसा आहे ते सांगू?' आज आपण ती कुजबुज ऐकायला शिकू या.

डोळे मिटून एक सिनेमा

आधी एक प्रयोग. डोळ्यांपुढे एक चित्र आणा. रात्रीची वेळ आहे. गावाबाहेरचा रस्ता. एक मुलगा सायकलवरून एकटाच चाललाय. बस, एवढंच.

आता या चित्रावर पिवळी, गोलमटोल अक्षरं उड्या मारत येताहेत असं समजा. मागे ढोलकी वाजतेय. एक अक्षर घसरून पडतं, दुसरं त्याला हात देऊन उठवतं. सांगा बघू, तो मुलगा कुठे निघालाय? बहुतेक कुणाच्या तरी बागेतले आंबे पळवायला!

आता ढोलकी बंद. तेच चित्र, तोच मुलगा, तीच सायकल. पण अक्षरं बारीक, पांढरी आणि किंचित थरथरणारी. मागे व्हायोलिनचा एकच लांबलचक सूर. आता काय वाटतं? त्या मुलाच्या मागून कुणीतरी येतंय! हो ना?

गंमत बघा. चित्र तसूभरही बदललं नाही. बदलली ती फक्त अक्षरं आणि संगीत. तरी एकदा तुम्ही हसायला तयार झालात आणि एकदा घाबरायला. सिनेमाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीचं काम हेच. श्रेयनामावली म्हणजे कुणी काय काम केलं ते सांगणारी नावांची यादी. ती प्रेक्षकाचं मन गोष्टीच्या सुरात लावून घेते. मैफल सुरू व्हायच्या आधी गवई तानपुरा जुळवतात, तसंच हे.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. संगीत नाटकाच्या आधी नांदी होते. तमाशात आधी गण होतो, मग गौळण. प्रेक्षक बाहेरच्या जगातून आलेला असतो. त्याच्या डोक्यात बाजारहाट असते, उद्याचा गणिताचा पेपर असतो. त्याला हळूच हात धरून गोष्टीच्या उंबऱ्याच्या आत आणावं लागतं.

'आधी पडदा उघडा!'

फार पूर्वी सिनेमात नावांच्या नुसत्या पाट्या असत. मूकपटाच्या काळात तर संवादही पाट्यांवरच वाचावे लागत. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये एकाहून जास्त भाषांतल्या पाट्या होत्या. पुढे सिनेमा बोलू लागला, तरी सुरुवातीची नावं बहुतेक वेळा तशीच राहिली. एक पाटी, मग दुसरी, मग तिसरी. अमेरिकेतल्या थिएटरांत तर कित्येकदा नावं चालू असताना पुढचा कापडी पडदा मिटलेलाच असे. नावं संपत आली की तो सावकाश उघडायचा. नावांकडे बघतंय कोण!

हे चित्र ज्यांनी बदललं त्यांच्यात सर्वांत मोठं नाव सॉल बास यांचं. १९२० साली न्यू यॉर्कमध्ये जन्मलेला हा चित्रकार जाहिराती, पोस्टरं आणि कंपन्यांची बोधचिन्हं करायचा. १९५५ साली दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर यांच्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' या सिनेमाची नामावली त्यांनी केली. सिनेमा होता अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या एका माणसाचा. बास यांनी नायकाचा चेहरा दाखवला नाही, की व्यसनाचं दृश्य दाखवलं नाही. काळ्या पडद्यावर नुसत्या पांढऱ्या पट्ट्या. एक वरून येते, एक बाजूनं घुसते, मागे जॅझचं अस्वस्थ संगीत. शेवटी त्या पट्ट्यांचा एक वाकडा, कोनाकोनांचा हात होतो. तो हात बघूनच कळतं, की हा हात या माणसाच्या ताब्यात राहिलेला नाही.

या सिनेमाची रिळं थिएटरांत पोचली तेव्हा डब्यांवर मशीन चालवणाऱ्यांसाठी एक सूचना होती: नावं सुरू होण्याआधी पडदा उघडा! म्हणजे आमचे सुतारकाका तंबूत जे सांगत होते, तेच.

दोन सिनेमे, दोन्हींत रेषाच

आता थोडं हेरगिरीचं काम करू. आल्फ्रेड हिचकॉक हे रहस्यपटांचे बादशहा. त्यांचे दोन सिनेमे एकापाठोपाठ आले. १९५९ साली 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' आणि १९६० साली 'सायको'. दोन्हींची नामावली सॉल बास यांनी केली, दोन्हींचं संगीत बर्नार्ड हरमन यांचं, आणि दोन्ही नामावल्यांत मुख्यतः आहेत फक्त रेषा! मग दोन्ही सारख्याच वाटायला हव्यात ना? छे, मुळीच नाही.

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये हिरव्या पडद्यावर तिरक्या रेषा सुर्रकन येतात. आडव्या-उभ्या रेषांचं जाळं तयार होतं. तुमच्या भूगोलाच्या नकाशावर असतं ना, तसं. त्या जाळ्यातून नावं लिफ्टसारखी वर-खाली सरकतात. मग हिरवा रंग विरतो आणि कळतं, की हे जाळं म्हणजे न्यू यॉर्कमधल्या एका उंच इमारतीच्या काचा आहेत! काचांत खालच्या रस्त्यावरच्या मोटारी दिसतात. मग माणसांची गर्दी आणि धावपळ. शेवटी हिचकॉक स्वतः बस पकडायला येतात आणि बसचं दार त्यांच्या तोंडावर बंद होतं. तुम्ही हसता.

यातून काय कळलं? गोष्ट मोठ्या शहराची आहे, पळापळीची आहे, दिशांची आहे, आणि भीती वाटली तरी मधूनमधून हसूही येणार आहे. सिनेमा अगदी तसाच आहे. एका साध्या माणसाला भलताच कुणीतरी समजून लोक त्याच्या मागे लागतात आणि तो देशभर पळत सुटतो.

'सायको'त हिरवा रंग नाही. सिनेमाच काळा-पांढरा. इथे करड्या पट्ट्या आडव्या, मग उभ्या झपाट्यानं येतात आणि जातात. पण त्यांतून इमारत उभी राहत नाही, की नकाशा तयार होत नाही. उलट त्या पट्ट्यांबरोबर नावांचे तुकडे होतात. सिनेमाच्या नावाची अक्षरं मधोमध चिरली जाऊन इकडेतिकडे सरकतात. मागे फक्त तंतुवाद्यं. त्यांचे सूर असे की अंगावर काटा यावा. या सिनेमात एक दुभंगलेलं मन आहे. ते कळायला अजून बराच वेळ असतो, पण नावांनी ते आधीच सांगून टाकलेलं असतं. (हा सिनेमा मोठ्यांसाठी आहे हं! तो बघायची घाई करू नका.)

म्हणजे फरक कुठे पडला? एकीकडे रेषांनी जोडलं, दुसरीकडे रेषांनी तोडलं. आकार तोच, पण हालचाल वेगळी. एवढ्यावर गोष्टीचा सगळा रंग बदलला. 'काय दाखवलं?' एवढंच विचारून भागत नाही, 'ते कसं हललं?' हेही विचारायला हवं, ते यासाठी.

हिऱ्यातला बिबट्या

आता जरा हसू या. गुलाबी रंगाचा, लांब शेपटीचा, दबक्या पावलांनी चालणारा 'पिंक पँथर' तुम्हाला माहीत आहे. पण तो मुळात कुठून आला, माहीत आहे? नामावलीतून!

१९६३ साली ब्लेक एडवर्ड्‌स यांचा 'द पिंक पँथर' हा सिनेमा आला. त्यात खरं तर कुठलाही बिबट्या नाही. पिंक पँथर हे एका मौल्यवान हिऱ्याचं नाव. त्या हिऱ्यात निरखून बघितलं की झेप घेणाऱ्या बिबट्यासारखा एक डाग दिसतो. झालं! नामावली करणारे फ्रिझ फ्रेलेंग आणि त्यांचे सहकारी यांनी त्या डागाचा एक ऐटबाज कार्टून-बिबट्या केला. तो नावांशी खेळतो, अक्षरं इकडची तिकडे करतो, स्वतःचीच ऐट मिरवतो. मागे हेन्री मॅन्सिनी यांची सॅक्सोफोनवरची धून, दबकत दबकत चालणारी.

ती धून नीट ऐका. दोन पावलं टाकली, थांबली. पुन्हा दोन पावलं, थांबली. चोर असाच चालतो ना? पण खराखुरा भीतिदायक चोर नव्हे. फ्रीजमधला लाडू पळवणारा चोर! सिनेमा कुठला असणार ते तुम्ही ओळखलंच. चोरीचा, पण विनोदी.

हा बिबट्या लोकांना इतका आवडला, की त्याच्या स्वतंत्र छोट्या कार्टून फिल्म निघाल्या. त्यातल्या पहिल्याच, म्हणजे १९६४ सालच्या 'द पिंक फिंक'ला ऑस्कर मिळालं. पत्रिकेवरच्या चित्रानंच लग्नात भाव खाऊन जावा, तशातली गत!

आकाशात सरकणारी अक्षरं

१९७७ सालचा 'स्टार वॉर्स' सुरू होतो तेव्हा ऑर्केस्ट्राचा दणका होतो. काळ्या, ताऱ्यांनी भरलेल्या आकाशात सिनेमाचं भलंमोठं नाव येतं आणि दूर जातं. मग पिवळ्या अक्षरांतली तीन परिच्छेदांची गोष्ट खालून वर, दूर दूर सरकत जाते. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना लहानपणी आवडलेल्या 'फ्लॅश गॉर्डन'च्या जुन्या चित्रमालिकांची ही आठवण होती. त्या मालिकांचे भाग थिएटरात दर आठवड्याला दाखवत, आणि 'मागच्या भागात काय झालं' ते असं लिहून सांगत.

त्या वेळी ही अक्षरं कॉम्प्युटरवर केलेली नव्हती. खरोखरची अक्षरं आडवी पसरून ठेवली होती आणि त्यांच्यावरून कॅमेरा अगदी सावकाश सरकवत नेला होता. कॅमेऱ्याला जरासा हिसका बसला, की पुन्हा पहिल्यापासून!

या सुरुवातीची युक्ती अशी, की ती तुम्हाला गोष्टीच्या मधोमध नेऊन सोडते. युद्ध आधीच पेटलेलं आहे, तुम्हीच उशिरा आलात! अक्षरं दूर जाताना जग केवढं अफाट आहे ते जाणवतं. आणि जॉन विल्यम्स यांचं संगीत सांगतं, की ही यंत्रांची रुक्ष गोष्ट नाही, ही शूरवीरांची गोष्ट आहे.

पण यात एक भानगड झाली. लुकास यांनी कामं करणाऱ्यांची नावं शेवटी दाखवली. १९८० साली दुसरा भाग आला. त्याचे दिग्दर्शक होते अर्विन कर्शनर, आणि त्यांचंही नाव सुरुवातीला नव्हतं. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेनं लुकास यांना दंड केला. लुकास यांनी दंड भरला आणि संघटना सोडली. बघा, 'नुसती' नावं, पण त्यांवरून केवढी भांडणं! एकाला गोष्टीचा सूर जपायचा होता, दुसऱ्यांना माणसाचा मान. तुम्ही न्यायाधीश असता तर कुणाच्या बाजूनं निकाल दिला असता? घरी जेवताना वाद घालून बघा.

आपल्याकडच्या नांद्या

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे काय कमी आहे?

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ सालचा, म्हणजे बास यांच्या त्या वाकड्या हातासोबतचाच. राय सिनेमात येण्याआधी जाहिरात कंपनीत चित्रकार होते. अक्षरांचं त्यांना वेड होतं. या सिनेमाची नावं बंगाली हस्ताक्षरात, जुन्या खरबरीत कागदावर लिहिल्यासारखी दिसतात. जणू कुणी पोथीच उघडतंय. मागे पंडित रविशंकर यांचं संगीत. चकचकीत काही नाही. बघताक्षणी कळतं, की ही राजवाड्याची गोष्ट नाही, गावातल्या गरीब घराची आहे, आणि कुणीतरी ती मायेनं हातानं लिहिलीय. गोष्टीतल्या अपूचे वडील पौरोहित्य करतात आणि नाटकं लिहायची स्वप्नं बघतात, हे पुढे कळतं. मग तो कागद आणखीच जवळचा वाटतो.

'शोले' (१९७५) आठवा. रेल्वे स्टेशनवर एक माणूस उतरतो, त्याला न्यायला दुसरा आलेला असतो, आणि दोघं घोड्यांवरून निघतात. त्या प्रवासावर नावं येतात. जवळजवळ कुणी काही बोलत नाही. भोवती मोठमोठे खडक, उजाड माळ. राहुल देव बर्मन यांच्या संगीतात गिटार आणि हॉर्न ऐकू येतात, काउबॉयच्या सिनेमात असतात तशा ढंगाचे. प्रवास पुढे सरकतो तसे आपल्याकडच्या वाद्यांचे सूर मिसळू लागतात. शेवटी गाव येतं. नावं संपेपर्यंत आपल्याला तीन गोष्टी कळलेल्या असतात. हे गाव जगापासून लांब आहे, इथे पोलीस लवकर पोचणार नाहीत, आणि ही गोष्ट परदेशी धाटणीची असली तरी माती आपली आहे.

आणि 'अमर अकबर अँथनी' (१९७७)! मनमोहन देसाईंच्या या सिनेमात नावं यायला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोवर कुटुंबाची ताटातूट होऊन मुलं मोठीसुद्धा झालेली असतात. मग नावं कधी येतात? तीन तरुण शेजारीशेजारी पडून एका बाईला एकाच वेळी रक्त देत असतात तेव्हा. ती त्यांची आई आहे हे चौघांपैकी कुणालाच माहीत नाही. आपल्याला मात्र माहीत आहे. डॉक्टर म्हणतील, असं कुठे रक्त देतात का? पण सिनेमा आपल्याला सांगत असतो, 'बाबांनो, इथे तर्क बाहेर काढून ठेवा. इथे योगायोग होणार, रडू येणार, हसू येणार आणि शेवटी सगळे भेटणार.' पुढे तस्सं होतं!

छोट्या पडद्याचंही एक सांगतो. १९८६ साली दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' सुरू झालं. आर. के. नारायण यांच्या कथा, दिग्दर्शक शंकर नाग. सुरुवातीला नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं एकामागून एक येत. हेच लक्ष्मण मुंबईच्या वर्तमानपत्रातला चौकड्यांच्या कोटातला 'कॉमन मॅन' काढायचे, आणि शेवटची वर्षं ते पुण्यात राहिले. चित्रांमागे एल. वैद्यनाथन यांची ती साधी धून. तुमच्या आई-बाबांना आज नुसती गुणगुणून दाखवा आणि त्यांचा चेहरा बघा! त्या रेषांत एकही राक्षस नव्हता, तलवार नव्हती. साधी माणसं, साधं गाव. 'इथे मोठं काही घडणार नाही, पण जे घडेल ते तुमच्याही घरात घडतं,' एवढंच त्या रेषा सांगायच्या.

कधी कधी फसवतातही!

एक सावधगिरीची गोष्ट. नामावली म्हणजे दिग्दर्शकानं दिलेला शब्द. हसवीन म्हणाला तर हसवायला हवं. सुरुवात दणदणीत आणि पुढे सगळा फुसका बार, असं झालं की प्रेक्षक चिडतात. याउलट काही दिग्दर्शक मुद्दाम गोड सुरुवात करतात आणि मग दचकवतात.

आणि ही युक्ती फक्त सिनेमावाल्यांकडे आहे असं समजू नका. बिस्किटाची जाहिरात, निवडणुकीचा प्रचार, बातम्यांच्या आधीची ढँणढँण. सगळीकडे तेच. बातमी कळायच्या आधीच संगीतानं तुमची छाती धडधडायला लावलेली असते. म्हणून स्वतःला विचारायची सवय लावा, 'मला हे वाटतंय ते गोष्टीमुळे, की तिच्या मागच्या वाजण्यामुळे?' एवढं जमलं, की तुम्हाला सहजासहजी कुणी गंडवू शकणार नाही.

करून बघा

कुठल्याही सिनेमाची सुरुवात तीनदा बघा. एकदा आवाज बंद करून. एकदा डोळे मिटून, नुसती ऐकून. आणि एकदा नेहमीसारखी. प्रत्येक वेळी वहीत लिहा:

१. अक्षरं कशी आहेत? लग्नपत्रिकेसारखी नक्षीदार, एस.टी.च्या पाटीसारखी ठसठशीत, की विजेच्या खांबावरच्या 'धोका' पाटीसारखी?

२. मुख्य रंग कोणता?

३. वस्तू, रेषा कशा हलतात? सावकाश, झटक्यानं, जोडत की तोडत?

४. कुठलं वाद्य आधी वाजतं?

५. पहिल्या दोन मिनिटांत गोष्टीबद्दल काय कळलं?

मग सिनेमा संपल्यावर पाचवं उत्तर ताडून बघा.

आणखी मजा हवी? तुमच्या आवडत्या पुस्तकाची नामावली तयार करा. नियम एकच: एक रंग, एक आकार, एक आवाज. त्याहून जास्त काही वापरायचं नाही. 'फास्टर फेणे'साठी सायकलचं चाक घ्याल का? आणि आवाज? घंटीचा, की तोंडानं काढलेल्या 'ट्टॉक्'चा? वहीच्या कोपऱ्यांवर चित्रं काढून पानं भर्रकन उलटलीत तरी तुमचा सिनेमा तयार!

आणि ती बारीक नावं?

आता पुष्कळ सिनेमांत मोठी नामावली शेवटी येते, आणि दिवे लागले की लोक उठून चालायला लागतात. घरी बघायचं तर नेटफ्लिक्सनं २०१७ साली मालिकांसाठी एक बटण आणलं: दाबलं की सुरुवात वगळून थेट गोष्टीत. आठ भाग एका दमात बघताना ते दाबावंसं वाटणारच. मीही दाबतो. पण पहिल्या भागाला नाही दाबत. तुम्हीही दाबू नका. पहिल्या भेटीत माणसाचं नाव विचारायची आपल्याकडे रीत आहे.

परवा खूप वर्षांनी तो जत्रेतला सिनेमा मला घरी बघायला मिळाला. नावं सुरू झाली. ती पाटी आली. या वेळी मी सिनेमा तिथेच थांबवला. पाटी हलेना, पळेना. मी वरून एकेक नाव वाचत निघालो. खालून तिसरं. होतं! सुतारकाकांच्या मुलाचं नाव, पांढऱ्या अक्षरांत, चांगलं ठळक.

म्हणजे त्या रात्री मी खोटं सांगितलं, तरी ते खरंच होतं. नाव खरोखर येऊन गेलं होतं, आणि काकांनी हात जोडले ते योग्य जागी पोचले होते. हे सांगायला आता काका नाहीत. म्हणून तुम्हाला सांगितलं.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या खेपेला घरातलं कुणी म्हणालं, "सावकाश चला, नुसती नावं चालू असतील," तर त्यांना काय सांगायचं, ते आता तुम्हाला माहीत आहे. आणि पोचलात की शेजारच्यांना हळूच म्हणा, "नावं चालू आहेत, जरा गप्प बसा!"